बकरीच्या जहाजाचं दप्तर

या बेटावर जहाजांनी आजवर जेवढी माणसं आणून उतरवली, त्या सगळ्यांत कोण कुठला, कुणाचा आणि कशाला आला हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे आमचे जहाजकाका. आणि ते स्वतः कोण होते हे मात्र इतकी वर्षं झाली तरी मला धड सांगता येत नाही. जहाजकाका म्हणजे माझ्या वडिलांचे जहाजभाऊ. मुंबईहून एका जहाजात बसून जे आले ते भाऊ, असं आमच्याकडे धरतात. मग गाव निराळं असो, घराणं निराळं असो. हे नातं सख्ख्या भावापेक्षा कडक. जहाजभाऊ गेला तर सुतक पाळायचं, त्याच्या पोरांना आपली म्हणायचं, आणि एका जहाजाच्या पोरापोरींची सोयरीक मात्र करायची नाही, कारण ती बहीण-भाऊ लागतात. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यातला सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

मोंतान्य ब्लांशच्या डोंगराखाली उसाच्या मळ्याला लागून आमच्या झोपड्या होत्या. त्या वस्तीला सगळे ‘कां’ म्हणत. आगगाडी अजून यायची होती; तिचे रूळ पडणार असं नुसतं ऐकत होतो. कांच्या टोकाला गवतानं शाकारलेलं देऊळ होतं आणि त्यात ओढ्यात सापडलेला काळा दगड होता. कुणी त्याला मारुती म्हणे, कुणी भैरोबा. वाद फार वाढला की लोक काकांकडे जात, कारण देवळाचं दप्तर त्यांच्याकडे. काका दप्तर उघडून गंभीरपणे वाचून दाखवत, “देव काळा. तोंड दक्षिणेस. नाव विचारणे बाकी.” मारुतीवाले आणि भैरोबावाले दोघेही आपणच जिंकलो असं समजून घरी जात.

दप्तर म्हणजे साबणाचं एक जुनं खोकं. काका कोकणात कुठल्याशा कुलकर्ण्याकडे दप्तर बांधायच्या कामावर होते, असं ते सांगत. बांधता बांधता मोडी लिहायला शिकले, आणि दप्तर रुमालात बांधायचं असतं हेही तिथेच शिकले. इथे रुमाल कुठले? ते मेलेल्या माणसांची लुगडी-धोतरं मागून आणत आणि त्यांत कागद बांधत. कागद तरी कुठले? दुकानात खारा मासा ज्यात बांधून देतात ते कागद ते धुऊन, वाळवून, दगडाखाली ठेवून सपाट करत. त्यामुळे आमच्या देवळात भाविकांपेक्षा मांजरं जास्त असत. एकदा एका मांजरीनं एका माणसाचं आजोळ खाऊन टाकलं. काकांनी त्या माणसाला बोलावून सगळं पुन्हा विचारून घेतलं, तेव्हा त्यानं आजोळ दुसरंच सांगितलं. काका आठ दिवस जेवले नाहीत.

सरकारी कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. बंदरावर गोरा कारकून नावं लिहून घेई. त्यानं आमच्यातल्या एकाला “नाव?” म्हणून विचारलं. हा बिचारा गोंधळून म्हणाला, “कुनाचं?” झालं. तो जन्मभर सरकारात ‘कुनाचं’ या नावानं राहिला, त्याच्या पोरांचंही आडनाव तेच लागलं. म्हणून नवीन माणूस कांमध्ये आला की काका पहिल्या रविवारी त्याला देवळात बसवून खरं नाव, गाव, देवक आणि मागे कोण कोण राहिलं ते विचारून घेत. माणसं खरं सांगत. कुणी मागे बायको टाकून आलेला असे, कुणी जहाजातच जात बदललेली असे, कुणाच्या हातून काही घडलेलं असे. काका सगळं लिहीत आणि कधी एक अक्षर बाहेर काढत नसत. भले भले सिरदार, म्हणजे मळ्यावरचे मुकादम, त्या साबणाच्या खोक्यासमोरून जाताना आवाज खाली आणत.

बोलणंही त्यांचं दप्तरासारखंच. दर रविवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायला असत. पहिला घास घेऊन म्हणत, “सदरहू आमटीत मीठ कमी. सबब मीठ वाढणे.” आई मीठ वाढायची आणि पुटपुटायची, “जिभेला तरी सुट्टी द्यावी मानसानं.” हे पुस्तकी शब्द त्या कुलकर्ण्याकडचेच असावेत. ते ‘नाही’ म्हणत नसत, ‘नोंद नाही’ म्हणत. पाऊस पडेल का विचारलं तरी नोंद नाही.

त्यांच्या दप्तराची रचना अशी होती की त्यात काहीही सापडू नये. नावावरून नाही, सालावरून नाही, तर जहाजावरून कागद लावलेले. आणि जहाजांची इंग्रजी नावं जिभेवर चढेनात म्हणून काकांनी स्वतःच बारसं केलेलं. एक ओकाऱ्यांचं जहाज, एक फुटक्या पिंपाचं, एक गाणाऱ्या खलाशाचं. आमचं जहाज बकरीचं, कारण त्यावर कप्तानाची बकरी होती. कुणाच्या लग्नात देवक बघायचं झालं की पंच विचारत, “काका, दप्तर काय म्हनतंय?” काका म्हणत, “पाहावं लागेल,” आणि पुढचे तीन रविवार जात. तिसऱ्या रविवारी देवक काही सापडलेलं नसे, पण कोणाच्या भोपळ्याच्या वेलावर कोणाची डुकरं सुटली होती ते सापडलेलं असे आणि दोन घरांची बोलाचाल नव्यानं बंद होई.

त्यातून ती मोडी. आपल्याकडे ज्यांनी मोडी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की लिहिणारा हात उचलत नाही. एका दमात ओळ जाते. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याच्या नशिबावर. काकांनी एका गुराख्याविषयी मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं, ‘तोबरामाणूस’. दोन वर्षांनी त्यांनीच ते पंचांसमोर वाचलं, “तोबरा माणूस.” तो बरा माणूस बिचारा पाच भाकऱ्यांवर सहावी खात नसे, पण मरेपर्यंत लोक त्याला तोबरा म्हणत. काका म्हणाले, “लिहिण्यात चूक नाही. वाचण्यात झाली.” हे वाक्य मी पुढे आणखी एकदाच ऐकलं.

मोठं वादळ आलं त्या वर्षीचं सांगतो. देवळाचं छप्पर उडालं तेव्हा काका साबणाच्या खोक्यावर पालथे पडून राहिले, वर पाऊस, वारा, उडती पानं. देव शेजारीच भिजत होता. वादळ ओसरल्यावर आमच्या कांचा सिरदार चिडला, “देवाला उघडा टाकून खोकं काय धरून बसलाव?” काका कुडकुडत म्हणाले, “देव दगडाचा. भिजला तर वाळेल. कागद भिजला तर माणूस जातो.” सिरदारानं त्या दगडाकडे पाहिलं आणि स्वतःचं मुंडासं सोडून ओल्या खोक्याभोवती गुंडाळलं.

आता माझं सांगायला हवं. मी दोन वर्षांचा असताना वडील गेले. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आई त्यांच्याविषयी कधी बोलत नसे; मला जे वडील मिळाले ते काकांच्या तोंडून मिळाले. दर रविवारी जेवण झालं की काका पाय लांब करत आणि जहाजावरचे माझे वडील सांगत. कप्तानाच्या बकरीनं त्यांची टोपी कशी खाल्ली. मग ते बकरीला धरून म्हणाले, “आता टोपी तुझी, दूध माझं”. आणि माझी आई दोन जिवांची होती म्हणून रोज चोरून तिला पेलाभर दूध कसं नेऊन दिलं. वडिलांचा आवाज चढा होता, ते उजव्या खांद्यावर झोपत, त्यांना वाऱ्याची भीती वाटे. हे सगळं काकांनी सांगितलेलं. माझ्याजवळ बापाचं म्हणून एवढंच होतं आणि ते मला पुरलं.

काकांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती. एकटा पुरुष तान्ही पोर कशी वाढवणार, म्हणून मुलगी पेती राफ्रेला आजीकडे दिलेली. गोदा तिचं नाव. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा आजी वारली आणि ती बापाकडे मोंतान्य ब्लांशला आली. अर्धं मराठी, अर्धं बेटावरचं क्रियोल बोलणारी, हातात कोयता असला तरी गुणगुणणारी. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कारखान्यात रसाच्या कढईवर काम करत होतो. ती आली त्याच आठवड्यात मला मोडी शिकायची भयंकर ओढ लागली. काकांना आनंद झाला, आणि थोडा घोळही झाला. “विद्यार्थी हुशार आहे,” ते आईला सांगत, “पण पानाकडे पाहत नाही.”

एकदा गोदानं त्यांना विचारलं, “बाबा, तुमच्या ह्या खोक्यात मी हाय का?” काकांनी बराच वेळ शोधून एक कागद काढला आणि वाचला, “मुलगी झाली. बायको गेली. ऊस उभा.” ती म्हणाली, “एवढंच?” काका म्हणाले, “त्या दिवशी एवढंच होतं.” मग तिनं तो कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी खूप वेळ पाहत बसली. मी त्याच दिवशी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी.

आईला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. “आरं बाबा, ती तुजी बहीन लागती! एका जहाजाची तुमी!” हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण माणूस ठाऊक असलेली गोष्ट किती दिवस बाजूला ठेवू शकतो याला सीमा नसते. तिकडे सिरदारानं गोदासाठी माएबूर्गचा एक होडीवाला पाहून ठेवला होता, त्याची पहिली बायको गेलेली, पदरी दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. गोदा मला एवढंच म्हणाली, “तुमच्या नेमात मी कुटं बसते ते बगा. मो पा कोने. मला तर कायबी कळंना झालंय.” माझीही तीच गत होती.

रविवारी दुपारी देवळापुढच्या बदामाखाली पंच बसले. सिरदार मधोमध, आई बायकांच्या बाजूला, गोदा तिच्यामागे. सिरदार म्हणाला, “काका, आज काय ते मिटवा. पावना येनार हाय. तुमी आन् ह्याचा बा, मेम बातो. एकच जहाज. व्हय का न्हाय ते सांगा, मंजी झालं.”

काका म्हणाले, “दप्तर पाहावं लागेल.”

सगळ्यांनी उसासे टाकले, की आता गेले तीन रविवार. पण काकांनी खोकं उघडलं आणि पहिलाच रुमाल उचलला. तो माझ्या वडिलांच्या धोतराचा होता. त्यात पहिलाच कागद आमचा निघाला. इतक्या वर्षांत त्यांना एखादी गोष्ट लगेच सापडलेली मी तेवढीच पाहिली. त्यावरची ओळ सगळ्या कांला पाठ होती: ‘सखारामसकुटुंबयाजहाजावरतीनहोतो’. सखाराम सकुटुंब, या जहाजावर तीन होतो. सखाराम म्हणजे माझे वडील; ते, आई आणि काका. मी पोटात होतो, पण पोटातल्याची दप्तरात नोंद होत नाही.

काकांनी घसा साफ केला. “सखाराम सकुटुंब,” ते म्हणाले. “या जहाजावरती...” मग थांबले. त्यांची मान खाली होती. “न होतो.”

सिरदारानं कानावरचं मुंडासं सरकवलं. “तीन होतो म्हना की! दर साली तीनच वाचत आलाय!”

“आजवर वाचण्यात चूक झाली. लिहिण्यात नाही.”

“मंग तुमी आलाव कशातनं? पवत?”

“मागून आलो. दुसऱ्या जहाजानं.”

“कंच्या?”

“नोंद नाही,” काका म्हणाले.

साऱ्या कांच्या जहाजांची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या जहाजाची नोंद नाही! पंच एकमेकांकडे पाहू लागले. सिरदारानं आईला विचारलं, “वैनी, तुमी व्हता जहाजात. हे व्हते का न्हवते?” आई पदर सावरत म्हणाली, “बाया खाली, बापये वर. मी तर बंदर लागंस्तवर डोकं उचललं न्हाय, पोटात ह्यो व्हता. बकरी ओरडायची तेवढं ठावं. ह्यास्नी पयल्यांदा बघितलं ते पोर्लुई बंदराच्या पायऱ्यांवर.” ती खरं बोलत होती की मला बायको मिळवून देत होती, तिचा चेहरा पाहून कळेना.

मग सिरदार माझ्याकडे वळला. “तू शिकलायस की मोडी. वाच बगू.”

कागद माझ्या हातात आला. माशाचा वास अजून येत होता. मी अक्षरं पाहिली. ‘तीन’ म्हणून पाहिलं तर तीन होतं. ‘ती न’ म्हणून पाहिलं तर तेही होतं. नव्हतो असं सरळ न लिहिता ‘न होतो’ असं लिहिणारा माणूस या बेटावर एकच, आणि तो माझ्यासमोर बसला होता. मला तेव्हा एकदम उमगलं की मी काय वाचणार आहे आणि त्याची काय किंमत आहे. काका जहाजावर नव्हते, तर जहाजावरचे माझे वडील कुणी पाहिले? टोपी, बकरी, चढा आवाज, पेलाभर दूध, हे सगळं मग कुठून आलं? मी काकांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या रुमालाची घडी घालत होते आणि ती घडी काही त्यांना जमत नव्हती.

मी म्हणालो, “काका वाचतात तसंच आहे.”

लग्न झालं. देवळातल्या नाव नसलेल्या देवासमोर झालं, मांजरांच्या गर्दीत झालं, आणि फार चांगलं झालं. गोंधळ त्यानंतर सुरू झाला. ते माझे काका उरले नाहीत, सासरे झाले. आणि मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही चाल तर त्यांनीच सगळ्या कांला दप्तरातून वाचून दाखवलेली. त्यामुळे वीस वर्षं चालत आलेलं रविवारचं जेवण बंद झालं. ते रविवारी यायचे, अंगणात उभे राहायचे, गोदाला पाहायचे. आई आतून विचारायची, “दोन घास?” ते म्हणायचे, “नेम नाही.” मग आई पान मांडून ठेवायची, आणि कुणी न जेवता उचलायची. मला त्यांना काका म्हणता येईना, मामंजी म्हणायला जीभ वळेना. दोन वर्षं मी त्यांना कसलीच हाक मारली नाही. याची मला आज लाज वाटते.

एकदा धीर करून विचारलं, “खरं सांगा, होतात की नव्हतात?” ते म्हणाले, “ओळ आहे, वाच.” मी म्हटलं, “मग माझ्या वडिलांच्या गोष्टी?” ते म्हणाले, “त्या लिहिलेल्या नाहीत. सबब त्यात चूक होणार नाही.” याचा अर्थ मी आजवर अनेक प्रकारे लावून पाहिला आहे. आईला विचारलं, तू जहाजात बकरीचं दूध प्यायचीस का? ती म्हणाली, “कसलं तरी दूध द्यायचं कुनीतरी. डोळं मिटून प्यायचे.”

आम्हाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी काका अंघोळ करून आले, आणि अंगण ओलांडून आत येऊन आपल्या जुन्या जागेवर बसले. आईनं पान वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “सदरहू आमटीत मीठ कमी.” आईनं मिठाचं भांडं हातात घेतलं आणि तिथेच रडू लागली. मीठ शेवटी गोदानं वाढलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांत सगळ्या बेटावर ताप आला आणि त्यात काका गेले. आमच्याकडे माणूस गेला की त्याची नोंद त्याच्या जहाजाच्या रुमालात करायची. ती करणारा आता मीच उरलो होतो. मी ओकाऱ्यांचं जहाज सोडलं, फुटक्या पिंपाचं सोडलं, गाणाऱ्या खलाशाचं सोडलं, खोक्याच्या तळापर्यंत गेलो. सगळ्या जगाची नावं होती. काकांचं नाव कुठेही नव्हतं. आई दारात बसून पाहत होती. ती म्हणाली, “आपल्याच जहाजात लिव्ह.”

मी वडिलांच्या धोतराचा रुमाल सोडला. त्या ओळीखाली लिहिलं, ‘जहाजकाका गेले. ऊस उभा.’ दुसरं काही सुचेना. आई म्हणाली, “आता वरची वळ वाच. मोट्यानं.”

ती कान देऊन ऐकत होती, मी कुठे थांबतो ते. मी कुठेच थांबलो नाही. लिहिणाऱ्यानं हात उचलला नव्हता, तशीच एका दमात सगळी ओळ वाचली.

आईनं डोळे पुसले. “हां,” ती म्हणाली, “बरुबर हाय.”

काय बरोबर, ते मी विचारलं नाही. रुमाल बांधला आणि खोक्यात सगळ्यात वर ठेवला.